स्पॅमचा शेरा नेमका कोणी मारला? तीच मेल पुन्हा पुन्हा जंकमध्ये जात असेल तर

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: ‘अमक्याची मेल रोज जंकमध्ये जाते. रोज ‘जंक नाही’ दाबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.’ तिच्या जोडीला हमखास दुसरी असते: ‘केवायसी अपडेट करा, बक्षीस लागलं, असल्या मेल मात्र थेट इनबॉक्समध्ये. हेडर उघडून पाहिलं तर त्यात चक्क लिहिलंय की ही स्पॅम नाही.’ लोकांना या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मुळाशी दोष बहुधा एकच असतो. तुमच्या सर्व्हरने लिहिलेलाच नाही अशा शेऱ्यावर तुमचा मेल प्रोग्राम विश्वास ठेवतोय.

खाली हेडर्सची (मेलसोबत येणाऱ्या नोंदींच्या ओळींची) नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती रोमन अक्षरांत दिसतील.

शेरा कोणीही लिहू शकतं

प्रत्येक मेलच्या मजकुराआधी हेडर्सचा गठ्ठा असतो. स्पॅमअसॅसिनसारखा फिल्टर मेल तपासतो, जो जो नियम लागू पडेल त्याचे गुण देतो आणि बेरीज करतो. बेरीज मर्यादेला पोचली की ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत ‘येस’ लिहितो, नाहीतर ‘नो’. मूळ मांडणीत, म्हणजे कोणी काही बदललं नसेल तर, ही मर्यादा ५ गुणांची आहे. सोबत ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग’ असतं, जितके गुण तितके तारे दाखवणारं ‘एक्स-स्पॅम-लेव्हल’ असतं, आणि ‘एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन’ असतं, ज्यात फिल्टरची आवृत्ती आणि तपासणाऱ्या सर्व्हरचं नाव येतं. हे शेवटचं हेडर कोणी वाचत नाही, आणि या सगळ्या भानगडीत सर्वांत कामाचं तेच आहे.

ही सगळी हेडर्स म्हणजे साधा मजकूर. डीकेआयएम या मेलवरच्या डिजिटल सहीची जशी पडताळणी करता येते, तसं इथे काहीच नाही. वाटेतला कुठलाही सर्व्हर ही ओळ घालू शकतो, आणि पाठवणाराही मेल लिहितानाच घालू शकतो. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेवर स्वतःच मार्क लिहून ती तपासनीसाकडे द्यावी, आणि शाळेने तेच मार्क निकालपत्रकात चढवावेत, असा हा प्रकार आहे. म्हणून ‘शेरा काय आहे?’ याआधी ‘शेरा कोणाचा आहे?’ हे विचारायचं. बाकीचं सगळं निवारण या एका प्रश्नातून निघतं.

आधी शोधा, मेल हलवली कोणी

सेटिंग्जमध्ये हात घालण्यापूर्वी हे ठरवून घ्या, नाहीतर एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी शोधत बसाल. मेल जंकमध्ये टाकणारे तिघे असू शकतात: सर्व्हर, तुमच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, किंवा तोच मेलबॉक्स जोडलेलं तिसरंच एखादं यंत्र.

तपासणी सोपी आहे. त्या खात्याला जोडलेले सगळे प्रोग्राम बंद करा, मोबाइलवरचे आणि शेजारच्या टेबलावरचेही. मग ज्याची मेल अडकते त्यालाच एक मेल पाठवायला सांगा आणि ब्राउझरमधून वेबमेल उघडून पाहा. तिथेच ती जंकमध्ये दिसली तर काम सर्व्हरचं आहे. इनबॉक्समध्ये दिसली आणि नंतर एकेक प्रोग्राम चालू करताना गायब झाली, तर ज्याच्या चालू होण्याने गायब झाली तो दोषी.

ऑफिसांमध्ये ‘इन्फो’ नावाचा एकच मेलबॉक्स तीन-चार कॉम्प्युटरवर जोडलेला असतो, आणि त्यातला एक, बहुधा रिसेप्शनवरचा, दिवसभर चालू असतो. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या यंत्रांना एकच मेलबॉक्स दाखवणारी पद्धत) असल्यामुळे त्याने मेल जंकमध्ये हलवली की ती सगळ्यांच्याच इनबॉक्समधून जाते. बाकीचे आपापल्या सेटिंग्ज तपासत बसतात आणि त्यांना काही सापडत नाही, कारण दोष त्यांच्या कॉम्प्युटरवर नसतोच.

थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरत असाल तर आणखी एक चांगली सोय आहे, जी फारशी कोणाला माहीत नसते. ‘संदेश शोधा’ ही खिडकी उघडा आणि अटींच्या यादीत ‘जंक स्कोअर ओरिजिन’ निवडा. मेल जंक कशामुळे ठरली ते इथे कळतं. ‘प्लगइन’ म्हणजे थंडरबर्डने स्वतः शिकून ठरवलं. ‘यूजर’ म्हणजे कोणीतरी हाताने बटण दाबलं. ‘आयमॅप फ्लॅग’ म्हणजे खूण सर्व्हरवरून, म्हणजे बहुधा दुसऱ्या यंत्राकडून आली. आणि ‘फिल्टर’ म्हणजे एखाद्या नियमाने ठरवलं. हेडरवरच्या शेऱ्यावर विश्वास ठेवण्याची थंडरबर्डची सोय (ती पुढे येईल) याच चौथ्या प्रकारात मोडते. अडकलेल्या मेलचं मूळ ‘फिल्टर’ निघालं तर पुढचं वाचा.

‘जंक नाही’ दाबून फायदा का होत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. ते बटण थंडरबर्डच्या शिकणाऱ्या भागाला शिकवतं. हेडर पाहून ठरवणारा भाग काहीच शिकत नाही. तो प्रत्येक नव्या मेलचं हेडर नव्याने वाचतो आणि तोच निकाल देतो. महिनोन्‌महिने बटण दाबलं तरी फरक पडणार नाही.

एक मेल उघडून पाहू

नाशिकमधल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसातली गोष्ट. त्यांचे एक अशील द्राक्ष निर्यात करतात. तिकडच्या हिशेबनीसांची मेल नेमकी जीएसटीच्या तारखेच्या आसपास यायची आणि दर वेळी जंकमध्ये जायची. मेल निवडून कंट्रोल आणि यू दाबलं की मूळ मजकूर उघडतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, कारण मराठी विषय आणि मजकूर तिथे रोमन अक्षरं आणि आकड्यांची अगम्य रांग होऊन दिसतो. तो बेस-६४ नावाचा सांकेतिक प्रकार आहे. देवनागरी मजकूर अशा रूपात पाठवणं ही रोजची, रीतसर गोष्ट आहे. तिचा स्पॅमशी संबंध नाही.

हेडर्स खालून वर वाचायची. मेल जिथून निघाली ती ‘रिसीव्ह्ड’ ओळ सर्वांत खाली, आणि प्रत्येक पुढचा सर्व्हर आपली ओळ वर चढवत जातो. या मेलमध्ये खालून पाहिलं तर हिशेबनीसांच्या मेल सेवेची ओळ, तिच्यावर अशिलांच्या कंपनीच्या होस्टिंग सर्व्हरची, आणि सर्वांत वर कर सल्लागारांच्या सर्व्हरची. म्हणजे हिशेबनीस मेल कंपनीच्या एका पत्त्यावर पाठवत होते आणि तो पत्ता ती आपोआप सल्लागारांकडे पुढे ढकलत होता. हे त्या दोघांनाही आठवत नव्हतं. कोणीतरी पूर्वी केलेली सोय होती.

आता स्पॅमची हेडर्स. ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग: येस’ आणि ‘एक्स-स्पॅम-स्टेटस: येस’ या दोन्ही ओळी मधल्या सर्व्हरच्या टप्प्यात बसलेल्या. ‘एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन’मध्ये नाव होतं त्या होस्टिंग सर्व्हरचं. सल्लागारांच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन नव्हताच. तिथे आरस्पॅमडी हा दुसरा फिल्टर होता, त्याची हेडर्स वर वेगळी होती आणि त्याच्या मते मेल स्वच्छ होती. स्वतःच्या सर्व्हरने मेल चांगली ठरवलेली, वाटेतल्या परक्या सर्व्हरने वाईट ठरवलेली, आणि थंडरबर्ड परक्याचं ऐकत होता.

परक्याने वाईट का ठरवली, तेही पाहण्यासारखं आहे. नियमांच्या यादीत ‘अनवॉन्टेड लँग्वेज बॉडी’ होता. स्पॅमअसॅसिनला टेक्स्टकॅट नावाची जोड देता येते, जी मजकुराची भाषा ओळखते. सर्व्हर चालवणाऱ्याने ‘आम्हाला फक्त इंग्रजी चालते’ असं लिहून ठेवलं असेल तर इतर भाषेच्या मेलला या नियमाचे २.८ गुण लागतात. मर्यादा ५ ची, म्हणजे निम्म्याहून जास्त पल्ला निव्वळ मराठीत लिहिल्यामुळे पार. टेक्स्टकॅटला मराठी ओळखता येते, परवानगीच्या यादीत तिचा कोडही घालता येतो. तो घातलेला नव्हता एवढंच. आपल्या भाषेत नीट लिहिलेल्या पत्राला असा दंड बसावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. महाराष्ट्रात कोणी सर्व्हर सांभाळत असेल तर त्याने ही यादी एकदा जरूर पाहावी.

उपाय दोन ठिकाणी झाला. होस्टिंग सर्व्हरवर भाषेची यादी दुरुस्त करून घेतली, आणि सल्लागारांच्या थंडरबर्डमधला परक्या शेऱ्यावरचा विश्वास काढला. फक्त पहिला उपाय केला असता तर पुढचा एखादा अशील पुन्हा तसाच अडकला असता.

थंडरबर्डमधली विश्वासाची चौकट

अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याखाली ‘जंक सेटिंग्ज’ आहे. तिथे एक चौकट असते, जिचा अर्थ असा: ‘अमुक फिल्टरने लिहिलेल्या जंक हेडर्सवर विश्वास ठेवा.’ शेजारी यादी असते: स्पॅमअसॅसिन, बोगोफिल्टर, डीस्पॅम, पॉपफाइल, स्पॅमपाल. या यादीत फिल्टरचा प्रकार निवडायचा आहे, सर्व्हर नाही. ‘स्पॅमअसॅसिन’ निवडलं म्हणजे जगातल्या कुठल्याही स्पॅमअसॅसिनने, किंवा त्याच्यासारखी ओळ लिहिणाऱ्या कोणीही, लिहिलेला शेरा मान्य केला. ‘माझ्याच सर्व्हरचा’ असं सांगायची जागाच तिथे नाही.

तुमच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन नसेल तर ही चौकट रिकामी करा. यात दुमत असायचं कारण नाही. असेल, आणि तो सर्व्हर बाहेरून आलेली अशी हेडर्स आधी काढून टाकतो याची खात्री असेल, तर चौकट ठेवायला हरकत नाही. मधली परिस्थिती असेल, म्हणजे सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन आहे पण खात्री नाही, तर चौकट रिकामी करून स्वतःचा संदेश फिल्टर लिहा. फिल्टरच्या अटींच्या यादीत तळाशी ‘कस्टमाइझ’ असतं, तिथे हव्या त्या हेडरचं नाव वाढवता येतं. दोन अटी घाला आणि ‘सर्व अटी जुळल्या तरच’ निवडा: ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ची सुरुवात ‘येस’ने होते, आणि ‘एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन’मध्ये तुमच्या सर्व्हरचं नाव आहे. हा उपाय शंभर टक्के पक्का नाही. एकाच मेलमध्ये दोन सर्व्हरची तीच हेडर्स असली तर एक अट एकावर आणि दुसरी दुसऱ्यावर जुळू शकते. पण रोजच्या त्रासातला बराचसा भाग याने जातो.

तुमचा सर्व्हर नेमकी कुठली हेडर्स लिहितो हे माहीत नसेल तर अंदाज बांधू नका. जीमेलवरून स्वतःच्या या खात्यावर एक साधी मेल पाठवा, मूळ मजकूर उघडा आणि जपून ठेवा. पाठवताना जीमेल तुमच्यासाठी ‘एक्स-स्पॅम’ची हेडर्स घालत नाही, म्हणजे तिथे जी दिसतील ती तुमच्या बाजूची. हा नमुना हाताशी असला की पुढे कुठल्याही संशयास्पद मेलशी ताडून पाहता येतं. ‘येस’ कसं दिसतं ते पाहायचं असेल तर त्यासाठी जीट्यूब नावाची ६८ अक्षरांची ठरावीक चाचणी ओळ आहे. स्पॅमअसॅसिन तिला १००० गुण देतो. काही मेल सेवा ती बाहेरच जाऊ देत नाहीत, तेव्हा दुसरं खातं वापरावं लागेल.

हेडर कुठल्या जागी आहे यावरून मालक ओळखताना एक सावधगिरी हवी. साधारण नियम असा की तुमच्या सर्व्हरने बाहेरून मेल स्वीकारल्याची ‘रिसीव्ह्ड’ ओळ ही सीमा. तिच्या वरचं तुमचं, तिच्या खालचं परक्याचं. पण मिल्टर पद्धतीने (मेल स्वीकारतानाच तपासण्याच्या सोयीने) जोडलेले काही फिल्टर आपली हेडर्स गठ्ठ्याच्या तळाशी चिकटवतात. तळाशी आहे म्हणून परकं, असं लगेच ठरवू नका; सर्व्हरचं नाव आणि तुमचा नमुना यांच्याशी ताडा.

खोटा ‘नो’ टिकतो कसा

स्पॅम पाठवणारे आपल्या मेलमध्ये ‘एक्स-स्पॅम-स्टेटस: नो’ आधीच घालून ठेवतात. ‘व्हायरस तपासला, स्वच्छ आहे’ अशा अर्थाचं हेडरही घालतात, आणि मजकुराच्या तळाशी अँटीव्हायरसची पाटीसुद्धा. थंडरबर्डच्या त्या चौकटीने ‘येस’बरोबर ‘नो’ही मानला जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मग थंडरबर्डच्या स्वतःच्या शिकलेल्या तपासणीला वावच उरत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती समजली की पुष्कळ कोडी सुटतात. स्पॅमअसॅसिन मेल तपासताना आधीची ‘एक्स-स्पॅम’ हेडर्स काढून स्वतःची लिहितो. मग खोटं हेडर शिल्लक राहतं कधी? जेव्हा मेल तपासलीच गेली नाही तेव्हा. फिल्टरकडे मेल नेणारा ‘स्पॅमसी’ हा प्रोग्राम मूळ मांडणीत सुमारे ५०० केबीपेक्षा मोठी मेल तपासायला देत नाही, तशीच पुढे सोडतो. फिल्टर बंद पडला असेल, उत्तर देत नसेल, तरीही मेल अडवून न ठेवता आहे तशी पोचवली जाते. दोन्हींचा हेतू चांगला आहे, मेल हरवू नये. पण परिणाम असा की पाठवणाऱ्याने लिहिलेला ‘नो’ नेमका न तपासलेल्या मेलवर तुमच्यापर्यंत सुखरूप पोचतो. भलं मोठं चित्र जोडलेल्या स्पॅमवर ‘नो’ दिसलं तर पहिला संशय हाच घ्या, आणि ‘चेकर-व्हर्जन’मधलं नाव बघा. तुमच्या सर्व्हरचं नाव नसेल तर उत्तर मिळालं.

‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या हेडरलाही हेच लागू. एसपीएफ (मेल मान्य सर्व्हरवरून आली का), डीकेआयएम आणि डीमार्क (या दोन्हींवरून पाठवणारा खरा का ते ठरवणारी तपासणी) यांचे निकाल त्यात असतात आणि सुरुवातीलाच तपासणाऱ्या सर्व्हरची ओळख लिहिलेली असते. २०१९ च्या आरएफसी ८६०१ या इंटरनेट मानकात स्पष्ट म्हटलंय की बाहेरून येणाऱ्या मेलमध्ये आपल्याच नावाने लिहिलेलं असं हेडर असेल तर सीमेवरच्या सर्व्हरने ते काढून टाकावं. तेव्हा ‘पास’ हा शब्द वाचण्याआधी कोणी पास केलंय ते वाचा. जीमेलवर ती ओळख गूगलच्या सर्व्हरची असायला हवी. दुसऱ्या कोणाची असेल तर तुमच्या दृष्टीने तो निकाल नाही.

शेरा आपलाच, पण वाचायला फसवा

हेडर खरोखर आपल्या सर्व्हरचं असूनही गोंधळ होतो, आणि याची उदाहरणं फार आहेत.

सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचं पॅनेल) असलेलं होस्टिंग घेतलेल्यांनी ‘एक्स-स्पॅम-स्कोअर’ नीट पाहावं. तिथे एक्झिम हा मेल सर्व्हर असतो आणि तो हा आकडा दहाने गुणून, पूर्णांकात लिहितो. ४५ दिसलं तर गुण ४.५, म्हणजे मर्यादेच्या खाली. कोणीतरी ‘५ च्या वर गेलं की जंक’ असा फिल्टर लिहितं आणि चांगल्या मेलचा चुराडा होतो, कारण ०.६ गुणांची निरुपद्रवी मेलही तिथे ६ दिसते. फिल्टर लिहायचाच असेल तर ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’वर लिहा.

आरस्पॅमडीचं ‘एक्स-स्पॅमडी-रिझल्ट’ याहून फसवं आहे. त्यात ‘फॉल्स’ आणि कंसात ७.२० / १५.०० असं काहीसं असतं. ‘फॉल्स’ वाचून लोक समजतात, स्पॅम नाही. पण तिरक्या रेषेनंतरचा आकडा मेल साफ नाकारण्याची मर्यादा आहे, मूळ मांडणीत १५. त्याच्या खाली असेपर्यंत ‘फॉल्स’च येतं. जंकचा शेरा मात्र मूळ मांडणीत ६ गुणांवरच बसतो. म्हणून एकाच मेलमध्ये ‘एक्स-स्पॅम: येस’ आणि ‘फॉल्स’ दोन्ही असू शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. शब्द सोडा, आकडे पाहा.

अमाविस (फिल्टर चालवणारा मधला प्रोग्राम) असलेल्या सर्व्हरवर मर्यादा ५ नसून बहुधा ६.२ दिसेल. तेव्हा ‘५.८ गुण असूनही स्पॅम का नाही?’ असं विचारण्याआधी त्याच ओळीतलं ‘रिक्वायर्ड’ वाचा.

यादीत ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ हा नियम दिसला तर ती धोक्याची सूचना समजा. त्याचे गुण जेमतेम ०.००१ असतात, त्यामुळे कोणी लक्ष देत नाही. त्याचा अर्थ असा की मेलमधल्या दुव्यांची माहिती विचारायला गेलेल्या तुमच्या सर्व्हरला यूआरआयबीएल या वाईट दुव्यांच्या यादीने उत्तर द्यायला नकार दिला. बहुतेक वेळा कारण एकच: सर्व्हर गूगलचा वगैरे सार्वजनिक डीएनएस (नावांवरून पत्ते सांगणारी सेवा) वापरतो, तिथून लाखो लोकांच्या चौकश्या एकत्र जातात आणि यादी फुकट वापराची मर्यादा ओलांडली म्हणून दार लावते. अशा मेलवरचा कमी स्कोअर म्हणजे तपासणी अर्धवट झाल्याचा पुरावा. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवला की हे थांबतं.

आणि कधी कधी सगळं आपलं, सगळं नीट, तरी निकाल चुकीचा. २०१० सालच्या १ जानेवारीला स्पॅमअसॅसिनच्या एका नियमाने जगभर हे दाखवून दिलं. फार पुढची तारीख घातलेल्या मेल पकडायला तो लिहिला होता, पण त्यात २०१० पासून पुढची सगळी वर्षं ‘फार पुढची’ धरली होती. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून साध्या सरळ मेलना तीनहून जास्त गुण फुकट बसू लागले. दुरुस्ती लवकर आली, पण ज्यांनी नियमांचं अपडेट चालू ठेवलं नव्हतं त्यांच्या मेल अडकतच राहिल्या. ओआरडीबी ही स्पॅमला वाट देणाऱ्या सर्व्हरची काळी यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली होती. तरी अनेक सर्व्हर तिला विचारतच होते, आणि मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक चौकशीला ‘हो, स्पॅमवाला आहे’ असं उत्तर देऊ लागली. अचानक एका दिवसापासून सगळ्यांच्याच मेल जंकमध्ये जाऊ लागल्या असतील तर या दिशेने बघा: जुने नियम, मेलेल्या याद्या.

फॉरवर्डिंग आणि विषयावर मारलेला शिक्का

काही सर्व्हर विषयाच्या सुरुवातीलाच ताऱ्यांमध्ये ‘स्पॅम’ शब्द घालतात. स्वतःच्या मेलबॉक्सपुरतं ठीक. पण तीच मेल पुढे फॉरवर्ड होत असेल तर दुहेरी नुकसान होतं. फॉरवर्ड केल्यावर मेल मूळ सर्व्हरऐवजी भलत्याच सर्व्हरवरून येते, म्हणून एसपीएफ मूळ पाठवणाऱ्याच्या बाजूने साक्ष देत नाही. उरतो डीकेआयएमच्या सहीचा आधार. ती सही बहुतेक वेळा विषयालाही लागू असते, आणि विषयात शब्द घातला की सही तुटते. दोन्ही आधार गेले, डीमार्क नापास, आणि पुढच्या सर्व्हरला मेल खोटी वाटायला सबळ कारण मिळालं. मूळ पाठवणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं.

म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या पत्त्यांवर विषय बदलण्याची सोय बंद करा. शेरा हेडरमध्येच राहू द्या. शक्य असेल तर फॉरवर्डिंगच सोडा आणि दोन्ही मेलबॉक्स एकाच प्रोग्राममध्ये जोडा. गृहनिर्माण संस्था, शाळा, छोटी ट्रस्ट यांच्याकडे समिती बदलली की जुने फॉरवर्डर तसेच राहतात, साखळी लांबत जाते आणि प्रत्येक कडीचा शेरा मेलला चिकटतो. वर्षातून एकदा तरी ही यादी काढून पाहावी.

इतर प्रोग्राम, थोडक्यात

ॲपल मेलमध्ये जंकच्या सेटिंग्जमध्ये ‘संदेशातील जंक हेडर्सवर विश्वास ठेवा’ अशी चौकट आहे. थंडरबर्डबद्दल वर जे म्हटलं तेच हिलाही लागू.

आउटलुक आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘एक्स-फोरफ्रंट-अँटीस्पॅम-रिपोर्ट’ पाहायचं आणि त्यात एससीएल (मेल स्पॅम असण्याच्या खात्रीचा आकडा) शोधायचं. उणे १ म्हणजे तपासणी वगळली, ० किंवा १ म्हणजे स्पॅम नाही, ५ किंवा ६ म्हणजे स्पॅम, ९ म्हणजे खात्रीने स्पॅम. उणे १ हा आकडा लोक ‘सर्वांत स्वच्छ’ असा वाचतात. तो स्वच्छतेचा दाखला नाही, कोणीतरी सुरक्षित यादीत घातलंय किंवा नियम लिहून ठेवलाय याची खूण आहे. त्याच नावाच्या शेवटी ‘अनट्रस्टेड’ जोडलेलं हेडर दिसलं तर ते आधीच्या संस्थेकडचं जुनं मत समजून सोडून द्या. ही पद्धत मला फार आवडते: परक्याचा शेरा पुसायचा नाही, पण त्याला परका म्हणून नाव द्यायचं.

जीमेल आपला स्कोअर दाखवत नाही. स्पॅममधली मेल उघडली की वर कारणाची एक पट्टी येते, तेवढंच. ज्याची मेल अडकते त्याच्या पत्त्यासाठी ‘कधीच स्पॅममध्ये पाठवू नका’ असा फिल्टर करता येतो.

होस्टिंगवाल्यांकडे काय मागायचं

‘मेल जंकमध्ये जाते, बघा’ एवढंच लिहिलं तर उत्तर ठरलेलं: ‘युजरच्या प्रोग्रामचा प्रश्न आहे.’ म्हणून तक्रारीसोबत मेलचा संपूर्ण मूळ मजकूर फाइल म्हणून जोडा. फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड केल्यावर मूळ हेडर्स जातात. मग नेमकं विचारा: बाहेरून येणाऱ्या मेलमधली ‘एक्स-स्पॅम’ने सुरू होणारी सगळी हेडर्स सर्व्हरच्या सीमेवरच, आमचा फिल्टर चालण्याआधी, काढली जातात का? नसतील तर काढा. तुमच्याच सर्व्हरच्या नावाचं बाहेरून आलेलं ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ही काढा. किती आकाराच्या वरच्या मेल तपासल्या जात नाहीत ते सांगा. आणि भाषेची बंदी असेल तर मराठी, हिंदी यादीत घाला.

सर्व्हर तुम्हीच सांभाळत असाल तर ‘आधी’ या शब्दाकडे लक्ष द्या. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये हेडर काढण्याचा नियम साध्या हेडर तपासणीत लिहिला, आणि फिल्टर मेल तपासून पुन्हा त्याच दारातून आत पाठवत असेल, तर तुमच्या फिल्टरने लिहिलेली खरी हेडर्सही पुसली जातील. परत येणाऱ्या मेलसाठी ती तपासणी बंद ठेवावी लागते. मिल्टरने घातलेल्या हेडर्सना तो साधा नियम लागत नाही, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

बदल केल्यावर थंडरबर्डच्या टूल्समधून जंक फोल्डरवर जंक तपासणी पुन्हा चालवा. शिकलेली माहिती सरसकट पुसण्याची घाई करू नका. ‘जंक स्कोअर ओरिजिन’ने ‘प्लगइन’ दाखवलेल्या चुका खूप असतील तरच पुसा, कारण त्यानंतर सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. आणि हे सगळं करण्याआधी जंक फोल्डर एकदा वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घाला. जीमेल ३० दिवसांनी स्पॅम कायमची पुसतो, थंडरबर्डमध्येही ठरावीक दिवसांनी जंक पुसण्याची सोय चालू केलेली असू शकते. अडकलेल्यांपैकी हव्या त्या मेल आधी बाहेर काढा, मग सेटिंग्जना हात लावा.